टॅरँटुला पाळायचा आहे? पुण्याच्या घरातून लिहिलेला सविस्तर मार्गदर्शक

ठमी ही आमची टॅरँटुला, म्हणजे मोठ्या, केसाळ कोळ्यांपैकी एक. घरी आली तेव्हा ती औषधाच्या गोळ्यांच्या डबीत मावत होती. अंग हरभऱ्याच्या डाळीएवढं आणि पाय शिवणाच्या दोऱ्यासारखे. आज नऊ वर्षांनी पाय पसरून बसली की ती १६ सेंटीमीटर भरते, म्हणजे चिवड्याच्या बशीवर आरामात पसरेल इतकी. जात ग्रामोस्टोला पुल्क्रिपेस. पाळणारे तिला चाको गोल्डन नी म्हणतात, कारण गुडघ्यांवर सोनेरी पट्टे असतात. मूळ गाव अर्जेंटिना-पॅराग्वेमधला चाको नावाचा उष्ण, बराचसा कोरडा मुलूख.

तिच्याआधी माझ्याकडे झाडावर राहणाऱ्या जातीचा एक टॅरँटुला होता. निगेच्या तक्त्यात लिहिलेलं सगळं मी तंतोतंत पाळलं आणि तो ऑगस्टमध्ये गेला. का गेला ते पुढे येईलच. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. कुठलाही सल्ला ऐकला की आधी बघायचं, हा प्राणी मूळचा कुठला, आणि त्या महिन्यात माझ्या घरातली हवा कशी आहे. टॅरँटुला पाळणाऱ्यांमध्ये वाद पुष्कळ आहेत. पाणी किती, उष्णता किती, पेटी केवढी, हातात घ्यावं की नाही. प्राणी मूळचा कुठला आणि घरातली हवा कशी, या दोन प्रश्नांची उत्तरं हाताशी ठेवली तर त्यातले बरेचसे घरच्या घरी सुटतात.

आणण्याआधी

मादी २० वर्षं सहज जगते. नर बऱ्याच जातींत तीन ते सात वर्षांत संपतो. पिल्लू आणलंत तर ते नर की मादी हे बहुधा वर्ष-दीड वर्ष कळत नाही. म्हणजे तुम्ही एकतर थोड्या वर्षांची सोबत घरी आणता, नाहीतर मुलगी बालवाडीतून पदवीला जाईपर्यंतची. घरातल्या सगळ्यांशी मोकळेपणाने बोलून मगच ठरवा. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाशीही बोला, लपवाछपवी करू नका.

दुसरं म्हणजे हा प्राणी लळा लावून घेत नाही. तो माणसाळत नाही, हाक ओळखत नाही. तो बघायचा प्राणी आहे. रात्री दिवे मंद केल्यावर बिळाच्या तोंडाशी येऊन बसतो, एकेक पाय तोंडाशी नेऊन साफ करतो, जाळ्याचा नवा थर घालतो. एवढं पाहण्यात ज्याला आनंद वाटतो त्यानेच आणावा.

आता कायदा, कारण इथे गैरसमज फार आहेत. रानातून कोळी पकडून आणायचा नाही, कुठल्याही कारणाने. सह्याद्रीत आपले स्वतःचे टॅरँटुला आहेत. झाडाच्या ढोलीत राहणारा पोइसिलोथेरिया रिगालिस आहे, बांधात आणि उतारावर खोल बीळ करणाऱ्या जाती आहेत. पोइसिलोथेरिया ही पूर्ण प्रजाती, म्हणजे तिच्यातल्या सगळ्या जाती, २०१९ पासून साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे. तिच्यातला निळाशार पोइसिलोथेरिया मेटॅलिका १८९९ मध्ये आंध्रातल्या गुत्तीच्या नमुन्यावरून नोंदला गेला. आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे, आणि त्याला जंगलातून उचलून विकणारे लोकही आहेत. मुळशी-ताम्हिणीकडे भटकताना बांधात जाळ्याचं अस्तर लावलेलं बीळ दिसलं तर काडी घालू नका, फोटो काढा आणि पुढे चला.

परदेशी जातींचं असं आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. साइट्सच्या यादीतले प्राणी कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात आले. त्यांपैकी जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची असते. प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत अर्ज करावा लागतो, पुढे विक्री, पिल्लं किंवा मृत्यू हेही कळवावं लागतं. लाल गुडघ्यांचा ब्राकिपेल्मा हामोरी आणि कुरळ्या केसांचा टिलिटोकॅटल अल्बोपिलोसस हे नवशिक्यांचे लाडके टॅरँटुला या यादीत येतात. ग्रामोस्टोला पुल्क्रिपेस येत नाही. तरीही बिल घ्या, त्यावर शास्त्रीय नाव लिहून घ्या आणि प्राणी इथेच जन्मलेला आहे का ते विचारा. तस्करीचा माल स्वस्त मिळतो, पण तो रानातून ओरबाडलेला असतो आणि प्रवासात अर्धमेला झालेला असतो. शंका असेल तर पुण्याच्या वनविभागाकडे थेट चौकशी करा.

कोणती जात घ्यावी

पहिल्यांदा पाळणार असाल तर जमिनीवर राहणारा, संथ, अमेरिका खंडातला टॅरँटुला घ्या. ग्रामोस्टोला पुल्क्रिपेस किंवा रीतसर नोंदणी करून ब्राकिपेल्मा हामोरी. लासिओडोरा पाराहिबाना देखणा असतो, पण पायांसकट २५ सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि त्याची जागेची गरज पुण्याच्या वन बीएचकेला परवडत नाही.

आशिया-आफ्रिकेतल्या जाती पहिल्या खेपेला नकोत, असं मी ठामपणे सांगते. त्या विजेसारख्या पळतात आणि त्यांचं विष अमेरिकेतल्या जातींपेक्षा जास्त त्रास देतं. पोइसिलोथेरिया चावल्यावर स्नायूंना दिवसेंदिवस पेटके आल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडचं सर्पदंशाचं औषध इथे उपयोगी नाही, ते सापांच्या विषासाठीच बनवलेलं आहे. अमेरिकेतल्या बहुतेक जातींचं शस्त्र वेगळं आहे. पोटावरचे बारीक केस त्या मागच्या पायांनी झाडून हवेत उडवतात. खाजकुयलीचा अनुभव असेल तर कल्पना येईल. त्वचेवर पडले तर खाज, डोळ्यांत गेले तर मात्र थेट नेत्रतज्ज्ञांकडे जायचं. डोळा चोळायचा नाही, फक्त पाण्याने धुवायचा. पेटी साफ करताना मी चष्मा आणि हातमोजे घालते, नऊ वर्षांत एकदाही सूट घेतलेली नाही.

पेटी कशी करावी

बाजारात तयार पेट्या मिळतात. मी स्वतः बोहरी आळीतून झाकणाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा आणून घरी पेटी केली. मापं अशी धरा. लांबी कोळ्याच्या पाय पसरलेल्या मापाच्या साधारण तिप्पट, रुंदी दुप्पट. १६ सेंटीमीटरच्या ठमीसाठी ४५ बाय ३० पुरतं.

उंचीचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. मातीच्या पृष्ठभागापासून झाकणापर्यंतचं अंतर कोळ्याच्या मापाच्या दीडपटीहून जास्त नको. टॅरँटुलाचं पोट पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं असतं. जमिनीवरचा जड कोळी काचेवर चढून एक-दीड फुटावरून पडला तर ते फाटतं आणि बहुतेकदा त्यात जीव जातो. उंच, ऐसपैस काचपेटी आपल्याला छान दिसते, त्याच्यासाठी ती कडा असते. उंच डबा आधीच घेतला असेल तर माती भरून तो उथळ करा.

हवेसाठी समोरासमोरच्या दोन बाजूंना छिद्रं हवीत, म्हणजे वारा आरपार जातो. फक्त झाकणाला छिद्रं पाडली की दमट हवा तळाशी साचते. मी सोल्डरिंग आयर्नने तीन मिलिमीटरची छिद्रं पाडली (खिडकी उघडी ठेवून, धूर वाईट असतो) आणि आतल्या बाजूची धार कानसीने घासली. पिल्लासाठी छिद्रं याहून बारीक हवीत. पोट दबतं, पण डोक्याचं कडक कवच दबत नाही, त्यामुळे ते जिथून जाईल तिथून अख्खा कोळी बाहेर पडतो. जाळीचं झाकण टाळा. पायांच्या टोकाला दोन बारीक नख्या असतात, त्या जाळीत अडकतात आणि सुटायच्या धडपडीत पाय तुटतो.

आत माती. इथे लोक नर्सरीतलं तयार मिश्रण आणून फसतात. त्यात निंबोळी पेंड, शेणखत, कधी कीडनाशकाची भुकटी असते. झाडाला ते चांगलं, कोळ्याला विष. साधी कोकोपीटची वीट घ्या, बादलीत भिजवून फुलवा. नुसतं कोकोपीट भुसभुशीत राहतं, कोळ्याला त्यावर पाय ठेवायला नको वाटतो आणि तो भिंतीला चिकटून बसतो. म्हणून तीन भाग कोकोपीटला एक भाग खत न घातलेली, चाळून उन्हात वाळवलेली साधी माती घाला. ओलाव्याची परीक्षा बेसनाच्या लाडवासारखी करायची. मुठीत दाबलं तर वळायला हवं, पण बोटांमधून पाणी गळता कामा नये. किमान १० ते १५ सेंटीमीटर जाडीचा थर हाताने दाबून बसवा आणि कोळी आत सोडण्याआधी वरचा भाग दोन-तीन दिवस वाळू द्या.

लपायला जागा लागतेच. लहान कोळ्याला अर्धी करवंटी उत्तम, एक बाजू तिरकी मातीत रोवायची आणि खाली अंगठ्याने बिळाची सुरुवात करून द्यायची. मोठी झाल्यावर ठमीला मी फुटलेल्या माठाचा बाकदार तुकडा दिला, कडा घासून. तिने महिनाभरात त्याखालची माती उपसली, गोळ्या करून पेटीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन टाकली. तोंडाजवळच्या छोट्या पायांत मातीचा गोळा धरून ती सावकाश चालत जायची, ठेवायची, परत यायची. रात्री साडेअकरा ते दीड मी पाहत बसले होते. मांडणी आपण कितीही हौसेने केली तरी ती मोडून स्वतःची करणार, ते तिला करू द्या.

पिल्लू असेल तर मोठी पेटी लगेच नको. यावर दोन मतं आहेत. काही जण म्हणतात रानात कुणी डबी देत नाही, मोठ्या जागेतही पिल्लू जगतं. खरं आहे, जगतं. पण ते कुठे आहे, खाल्लं का, माती सुकली का, हे आपल्याला दिसत नाही आणि चूक वेळेत लक्षात येत नाही. म्हणून मी छोट्या डबीच्या बाजूची आहे. पाच-सहा सेंटीमीटर झाला की मध्यम डबा, मग कायमची पेटी.

पाणी आणि ओलावा

सगळ्यात जुना वाद हाच. जुन्या तक्त्यांत प्रत्येक जातीपुढे आर्द्रतेचा आकडा असतो, ७० टक्के, ८० टक्के. मग लोक आर्द्रतामापक लावतात, आकडा खाली गेला की फवारा मारतात. माझा पहिला कोळी असाच गेला. अविक्युलारिया, झाडावर राहणारा, गुलाबी तळव्यांचा. तक्त्यात ८० टक्के लिहिलं होतं म्हणून मी सकाळ-संध्याकाळ फवारत होते. डब्याला छिद्रं फक्त वरून. महिना ऑगस्ट, बाहेर दिवसभर रिपरिप, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, डाळीच्या डब्याला बुरा येतो, आणि मी त्या डब्यात आणखी पाणी घालत होते. कोपऱ्यात पांढरी बुरशी दिसली तेव्हा मी ती पुसून पुन्हा फवारलं. चार दिवसांनी तो तळाशी पाय आक्रसून पडलेला होता. त्याला दमट हवा हवी होती हे खरं, पण ती वाहती हवी होती. तो झाडावरचा प्राणी, तिथे पाऊस पडला तरी वारा असतो.

आता मी आकड्यामागे लागत नाही. ठमीच्या पेटीत उथळ वाटी आहे, त्यात कायम स्वच्छ पाणी. मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत वाटी भरताना थोडं पाणी एका कोपऱ्यात सांडते, म्हणजे एक बाजू ओलसर, बाकी कोरडी, आणि कुठे बसायचं ते तिने ठरवायचं. जून ते सप्टेंबर मातीवर थेंबही घालत नाही. अविक्युलारियासारख्या जातीला उन्हाळ्यात एका भिंतीवर संध्याकाळी हलका फवारा ठीक, सकाळपर्यंत तो सुकला पाहिजे.

पिल्लांचं गणित वेगळं. त्यांची त्वचा पातळ असते, अंगातलं पाणी लवकर उडतं. त्यांच्या डबीत मातीचा खालचा थर कायम किंचित ओला ठेवा. मी सुईच्या सिरिंजने डबीच्या कडेने पाणी सोडते, ते तळाशी जातं आणि वरचा भाग कोरडा राहतो.

पाण्याच्या वाटीत स्पंजचा तुकडा ठेवा, नाहीतर कोळी बुडेल, हा सल्ला अजून ऐकू येतो. ऐकू नका. टॅरँटुला पाण्यावर तरंगतो. स्पंजमध्ये मात्र मेलेले किडे आणि घाण मुरते आणि दोन दिवसांत वास येतो. पाण्याऐवजी जेल ठेवण्याचंही तेच.

उन्हाळा आणि थंडी

हीटर, उष्णतेची चटई, दिवा यांतलं काहीही पुण्यात लागत नाही. खालून गरम करणारी चटई तर घातकच. रानात ऊन लागलं की कोळी खाली बिळात जातो, कारण खाली गार असतं. आपण तळच तापवला तर तो बिचारा गारव्याच्या शोधात आणखी तापलेल्या जागी जातो. २२ ते २८ अंश या जातींना मानवतं. डिसेंबर-जानेवारीत बाहेर पारा १० च्या खाली गेला तरी बंद खोलीत तेवढी थंडी नसते. कोळी मंदावतो, कमी खातो, फेब्रुवारीत पुन्हा हालचाल सुरू करतो. पेटी खिडकीपासून आणि फरशीपासून दूर ठेवली की पुरे.

खरी काळजी एप्रिल-मेची. वरच्या मजल्यावर, स्लॅबखालच्या फ्लॅटमध्ये दुपारी खोलीत ३६-३७ अंश होतात. ३५ च्या वर सतत राहिलं तर धोका असतो. पेटी घरातल्या सगळ्यात आतल्या खोलीत, जमिनीलगत, न्हाणीघराच्या भिंतीजवळ हलवा. तरी पुरलं नाही तर मोठ्या थर्माकोलच्या खोक्यात पेटी ठेवून शेजारी टॉवेलात गुंडाळलेली गोठवलेली पाण्याची बाटली ठेवा, झाकण अर्धं उघडं. पेटीवर ऊन कधीही पडू देऊ नका, हिवाळ्यातलं कोवळं ऊनही नको. बंद पारदर्शक डबा पाच-दहा मिनिटांत तापतो.

खाणं

रातकिडे, डुबिया झुरळं (खाद्य म्हणून पाळतात ती), मीलवर्म (एका भुंगेऱ्याच्या अळ्या). पक्षी-मासे विकणाऱ्या दुकानांत मीलवर्म मिळतात, डुबिया पाळणारे लोक शहरात आहेत. किडा कोळ्याच्या पोटापेक्षा मोठा नको. मीलवर्म मातीत घुसून बसतो, म्हणून त्याचं डोकं चिमट्याने दाबूनच द्या.

स्वयंपाकघरातलं झुरळ देऊ नका. ते कुठल्या घरातलं झुरळं मारायचं जेल खाऊन आलंय ते सांगता येत नाही. शेतातला नाकतोडाही नको, फवारणीमुळे.

पिल्लाला आठवड्यातून दोनदा, मोठ्याला दहा-पंधरा दिवसांतून एकदा. भराभर वाढावा म्हणून रोज चारणारे लोक आहेत आणि त्यांचे कोळी खरोखर लवकर मोठे होतात. पण कात टाकण्याचा प्रत्येक प्रसंग जिवावरचा असतो, तो घाईने ओढवून काय मिळतं? शिवाय पोट फुगून जमिनीला घासायला लागलं की जखमेचा धोका. पोट डोक्याच्या कवचाच्या दीडपट झालं की मी खाणं थांबवते. उंदराची पिल्लं देण्याचीही एक परंपरा आहे, कॅल्शियम मिळतं या समजुतीने. टॅरँटुलाचं कवच खेकड्यासारखं कॅल्शियमचं नसतं, ते कायटिन आणि प्रथिनांचं असतं. त्यामुळे त्या युक्तिवादात दम नाही, आणि जिवंत उंदीर उलटा कोळ्याला चावू शकतो.

खाल्लं नाही म्हणून घाबरू नका. ठमी एका वर्षी कोजागिरीनंतर जी थांबली ती होळी उलटल्यावर जेवली. पाणी पीत होती, पोट भरलेलं होतं, मी काही केलं नाही. नाकारलेला किडा मात्र २४ तासांत बाहेर काढा.

कात टाकताना

एका दुपारी ऑफिसात सासूबाईंचा फोन आला. "अगं, ती तुझी ठमी उलटी पडलीये. गेली वाटतं. उचलून ठेवू का बाहेर?" मी खुर्चीतून उठलेच. "नाही नाही, आई, हात लावू नका. खोलीचा पंखा बंद करा आणि दार ओढून घ्या." मग घरी पोचले ती पाऊण तासाने, आणि पेटीसमोर जमिनीवर बसले.

ती पाठीवर होती, जाळ्याच्या पांढऱ्या चादरीवर, जी तिने आदल्या रात्री विणली असणार. डोक्याच्या कवचाचं झाकण कडेने उघडलेलं. पाय हळूहळू आत-बाहेर होत होते, जसं कुणी ओला, घट्ट बसलेला हातमोजा एकेका बोटाने सोडवावा तसे. एक पाय सुटायला वीस-पंचवीस मिनिटं. नवीन पाय दुधाळ, जवळजवळ पारदर्शक, आणि सुळे पांढरेशुभ्र. सासूबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि अर्ध्या तासाने पाट घेऊन शेजारी बसल्या. त्या दिवशी आमची दोघींची कणीक मळायची राहिली.

म्हणून हे नीट लक्षात ठेवा. पाठीवर पडलेला कोळी कात टाकत असतो. मरणारा किंवा पाण्याविना सुकलेला कोळी पोटावर असतो आणि त्याचे पाय अंगाखाली मुठीसारखे आवळलेले असतात. टॅरँटुला पाय सरळ करतो ते आतल्या द्रवाच्या दाबाने, पाणी कमी झालं की दाब जातो आणि पाय मिटतात. असा दिसला तर त्याला उथळ पाण्याच्या वाटीशी न्या आणि फक्त तोंडाचा भाग पाण्याला टेकेल असं ठेवा. पोट पाण्यात नको, श्वासाची फुप्फुसं पोटाच्या खालच्या बाजूला असतात. ओल्या टिश्यूच्या बंद डबीत ठेवण्याचा उपाय सांगणारे बरेच आहेत. त्या कोंदट हवेने मी बरं झालेलं एकही पाहिलं नाही.

कात येणार याच्या खुणा आधी दिसतात. खाणं थांबतं, हालचाल मंदावते, पोटावर जिथे केस झडलेले असतात तिथली गुलाबी-तपकिरी त्वचा काळी पडत जाते. या काळात पेटीत जिवंत किडा अजिबात राहू देऊ नका. मऊ पडलेल्या कोळ्याला रातकिडा कुरतडून मारू शकतो. कातीनंतर सुळे आधी पांढरे, मग लाल, मग काळे होतात. मोठ्या कोळ्याला काळे झाल्यावरही आठवडाभर थांबून, साधारण दोन आठवड्यांनी खाणं द्या. पिल्लाला चार-पाच दिवस पुरतात. पाणी मात्र पहिल्या दिवसापासून भरलेलं हवं.

टाकलेली कात फेकू नका. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घालून ती भिजवा, पोटाचा भाग ब्रशने अलगद उलगडा. आतून पाहिलं तर फुप्फुसांच्या दोन जोड्या पांढऱ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. पुढच्या जोडीच्या मध्ये, त्या रेषेवर छोटी झालर किंवा पिशवी दिसली तर मादी. काही नसेल तर बहुधा नर. भिंगाने बघा आणि मोबाइलने फोटो काढून मोठा करा. नराची शेवटची कात ओळखायला भिंगही लागत नाही. तोंडाजवळच्या छोट्या पायांच्या टोकाला मुष्टियुद्धाच्या हातमोज्यासारखे गोळे येतात, बऱ्याच जातींत पुढच्या पायांना आकडेही येतात. त्यानंतर तो काही महिने, फार तर वर्ष-दोन वर्षं राहतो, अस्वस्थपणे फिरत असतो. त्याला पाणी द्या, खाल्लं तर द्या, आणि आपण काही चुकलो असं वाटून घेऊ नका.

हातात घ्यावं का

हातात घेणारे म्हणतात की त्यामुळे लोकांची भीती जाते आणि कोळ्यालाही सवय होते. पहिल्या भागाशी मी सहमत आहे, लोकांची भीती जाते हे मी पाहिलं आहे. पण कोळ्याला त्यातून काय मिळतं याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही. त्याला हातात फक्त पडण्याचा धोका मिळतो. शांत दिसतो तो सवयीने की हालचाल थांबवून धोका टळायची वाट बघतोय म्हणून, हे आपण सांगू शकत नाही. मी ठमीला हातात घेत नाही. पाहुण्यांची मुलं आली की जमिनीवर पेटी ठेवून, झाकण लावून, टॉर्चच्या लाल उजेडात दाखवते.

हलवायचं कसं ते मात्र शिकून घ्याच. श्रीखंडाचा रिकामा, स्वच्छ डबा पुढ्यात आडवा धरा, मऊ ब्रशने मागच्या पायांना हलकासा स्पर्श करा. तो चालत आत जातो, मग झाकण. ही तयारी जमिनीवर बसून करा, टेबलावर नको. पुढचे पाय वर उचलून सुळे दाखवले तर काम थांबवा आणि उद्या बघा.

घरातले धोके

टॅरँटुला हा कीटक नाही, पण कीटकनाशकाला तो तितकाच बळी पडतो. आमच्या सोसायटीत एकदा जिन्यात फवारणी झाली, सूचना लागली होती पण माझ्या वाचण्यात आली नाही. दाराच्या फटीतून वास आत आला. ठमी खाली बिळात होती म्हणून वाचली. बाहेरच्या खोलीत ठेवलेलं एक पिल्लू मात्र संध्याकाळी थरथरत होतं, पाय वेडेवाकडे पडत होते, सकाळी गेलं. तेव्हापासून सोसायटीच्या कार्यालयात माझा नंबर दिलेला आहे आणि फवारणीच्या आठवड्यात पेट्या बहिणीकडे कर्वेनगरला जातात.

डासांची कॉइल, लिक्विड मशीन, झुरळांचा स्प्रे, मुंग्यांचा खडू, पेटीच्या खोलीत यातलं काहीच नको. डेंग्यूच्या दिवसांत महापालिकेची धुरफवारणी रस्त्यावर आली की खिडक्या बंद करा. धूप आणि कापूरही दुसऱ्या खोलीत लावा. दिवाळीत पेटी रस्त्याच्या बाजूच्या खोलीतून काढून आत न्या. कुत्र्याला गोचिडांचं औषध मानेवर लावलं असेल तर त्या दिवशी पेटीचं काम दुसऱ्याला करू द्या, नाहीतर हात साबणाने दोनदा धुवा.

मुंग्यांसाठी लाडवाच्या डब्याचा उपाय चालतो. परातीत पाणी, त्यात उपडी वाटी, त्यावर पेटी. बुरशी दिसली तर तेवढी माती काढा आणि हवा वाढवा. पांढरे, बारीक, उड्या मारणारे किडे दिसले तर ते स्प्रिंगटेल, ते बुरशी खातात, राहू द्या. दमट जातींच्या पेटीत ते मुद्दाम सोडणारे आहेत आणि त्याचा उपयोग होतो. आयसोपॉड (कुजका पालापाचोळा खाणारे छोटे, कवचाचे जीव) सोडताना मात्र जात बघा. काही जाती प्रथिनांना हपापलेल्या असतात आणि कात टाकणाऱ्या कोळ्याला कुरतडतात. ठमीच्या कोरड्या पेटीत मी दोन्हीपैकी काही ठेवलेलं नाही.

पडून पोटाला छोटी चीर गेली आणि फिकट निळसर द्रव येताना दिसला तर चिमूटभर कॉर्नफ्लॉर त्यावर अलगद ठेवा, पेटी अंधारात ठेवा आणि दोन दिवस त्रास देऊ नका. पाय तुटला तर पुढच्या दोन-तीन कातींत नवा येतो.

गावाला जाताना काळजी नको. गणपतीत आम्ही दहा-बारा दिवस कोकणात असतो. निघण्याआधी दोन वाट्या पाणी भरते, उरलेला किडा आत नाही ना ते बघते, शेजारच्या काकूंना फक्त पाणी दिसतंय का तेवढं बघायला सांगते. मोठा कोळी तेवढे दिवस उपाशी आनंदाने राहतो.

ठेवणं जमत नसेल तर

बदली होते, घरात बाळ येतं, कुणाला दम्याचा त्रास सुरू होतो. अशा वेळी अनुभवी पाळणाऱ्याला कागदपत्रांसकट द्या, नोंदणी असेल तर हस्तांतरही नोंदवा. तळजाईवर किंवा वेताळ टेकडीवर नेऊन सोडणं हा पर्याय नाही. परदेशी प्राणी तिथे एकतर हाल होऊन मरेल, नाहीतर तिथल्या प्राण्यांना त्रास देईल. कुणी सोडलेला किंवा पळालेला सापडला तर त्यावर उलटा डबा ठेवा, खालून पुठ्ठा सरकवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. डब्याला छिद्रं पाडायची घाई नको, माणूस येईपर्यंतची हवा आत पुरते. फक्त तो उन्हात ठेवू नका.